दहा मिनिटं पुढे

माझा धाकटा भाऊ कॉम्प्युटर जोडून देतो. तयार खोकी विकत नाही. गिऱ्हाइकाचं काम काय, खिसा केवढा, ते विचारून एकेक भाग निवडतो आणि बनवतो. दुकान एका जुन्या बाजारसंकुलाच्या तळघरात आहे. वर चपलांची दुकानं, खाली आम्ही. आम्ही म्हणायचं कारण गल्ल्यावर मी बसते. नवरा गेल्यापासून भावाकडेच असते, आणि घरी बसून भिंती बघण्यापेक्षा दुकानात बसून माणसं बघितलेली बरी. माझी जीभ जरा तिखट आहे. हे मीच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कोणाला कष्ट नकोत.

भाऊ माझ्या उलट. चारचौघांत गेला की तोंडात मिठाची गुळणी. पण कॉलेज सुरू व्हायच्या दिवसांत पोरंपोरी दुकानात आली की त्याला कंठ फुटतो. पोरांनी मोबाइलवर काहीतरी पाहिलेलं असतं. रंगीत दिवे लावलेलं काचेचं खोकं हवं असतं आणि बजेट असतं चिमणीच्या दाताएवढं. भाऊ हसत नाही. दोनच प्रश्न विचारतो. काय शिकतोस? आणि अभ्यास सकाळी करतोस की रात्री?

"अरे, त्याचा आणि कॉम्प्युटरचा काय संबंध?" मी एकदा विचारलं.

"रात्री अभ्यास करणाऱ्याला शांत पंखा लागतो, ताई. घरातले झोपलेले असतात."

त्याचे नियमही ठरलेले. पॉवर सप्लाय, म्हणजे भिंतीतली वीज घेऊन आतल्या सगळ्यांना वाटून देणारा डबा, नवाच घ्यायचा. खोकं जुनं चालेल, स्क्रीन जुनी चालेल. "कपडे थोरल्याचे घाला, पण अन्न ताजं हवं," असं त्याचं म्हणणं. जुना भाग आला की तो टेबलावर दिवसभर चालवायचा आणि मधूनमधून कान लावून ऐकायचा. जरा शंका आली तर तो भाग लाल क्रेटमध्ये. त्या क्रेटमधलं काहीही कधी विद्यार्थ्याला द्यायचं नाही.

"टाकून तरी दे मग," मी म्हणायची.

"चालतो गं तो. फक्त भरवसा नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी बंद पडला म्हणजे?"

हे सगळं नीट ध्यानात ठेवा. पुढे जे झालं ते याच शहाणपणातून झालं.

भावाला एक मुलगी होती. आम्ही तिला भिंगरी म्हणायचो, कारण एका जागी बसेल तर शपथ. ती कॉलेजात गेली तेव्हा भावानं तिचा कॉम्प्युटर जोडला, आणि तो जोडताना बापलेकीचं जे भांडण झालं ते अख्ख्या तळघरानं ऐकलं. तिला निळा दिवा लागणारा पंखा हवा होता. भाऊ म्हणाला, त्या पैशात पॉवर सप्लाय एक पायरी वरचा येतो.

"बाबा, दिवा सगळ्यांना दिसतो. पॉवर सप्लाय कोणाला दिसतो?"

"न दिसणारं नीट असलं तरच दिसणारं चालतं."

"झालं यांचं प्रवचन सुरू!" म्हणून तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मी गल्ल्यातून पैसे काढून तो दिवा घेतला. भाऊ आठवडाभर माझ्यावर फुगून होता.

भिंगरीला सकाळी उठवणं म्हणजे दगडाला पाझर फोडणं. माझी भावजय हाका मारून थकायची. शेवटी पोरीनं स्वतःच युक्ती काढली. कॉम्प्युटरच्या मुळाशी एक सोय असते, ठरल्या वेळेला तो आपोआप सुरू व्हावा अशी. तिनं ती पहाटे साडेपाचला लावली. निळा दिवा तोंडावर पडायचा, पंखा घुमायचा, आणि बाईसाहेब "काय कटकट आहे!" म्हणत उठायच्या. स्वतःच लावलेल्या गोष्टीला स्वतःच शिव्या.

दुसऱ्या वर्षाला असताना तिला ताप आला. साधा ताप म्हणून गोळी दिली, मग हॉस्पिटल, मग काहीच उरलं नाही. याहून जास्त मला सांगवत नाही आणि सांगणारही नाही.

हॉस्पिटलातून आम्ही रिकाम्या हातांनी घरी आलो, तेव्हा तिच्या खोलीत कॉम्प्युटर चालूच होता. ती नसताना सकाळी उठून बसला होता बिचारा. भावानं तो बंद केला, खोलीचं दार ओढून घेतलं. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही तिघंही टक्क जागे होतो. बंद दाराआड पंखा सुरू झाला. दाराच्या फटीतून निळा उजेड बाहेर आला आणि फरशीवरून माझ्या पायापर्यंत पोचला. भावजय ताडकन उठली, "उठली, उठली ती!" म्हणत धावली, आणि मी तिला धरलंसुद्धा नाही. मलाही क्षणभर तसंच वाटलं होतं.

त्या दिवसापासून तो नेमच झाला. पहाटे खोली जागी व्हायची. भावजय चहाचा कप घेऊन आत जायची आणि पोरीच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसायची. समोर स्क्रीनवर पासवर्ड मागणारी रिकामी चौकट, तिच्यात उघडझाप करणारी उभी रेघ. पासवर्ड कोणालाच माहीत नव्हता. भावाला तो तोडता आला असता, पण त्यानं हात लावला नाही. चहा संपला की भावजय बटण दाबायची, "जा, आवर आता," म्हणायची आणि बाहेर यायची. मग दिवसभर ती तुमच्याआमच्यासारखी. भाजी निवडायची, माझ्याशी वाद घालायची, हसायचीसुद्धा.

वर्षं गेली. मला त्या निळ्या उजेडाची सवय झाली असं म्हणणं खोटं ठरेल. आजारपणात, पाहुण्यांत, कधीही दाराखाली तो उजेड आला की हातातलं काम तसंच राहायचं. एकदा दुपारी भाऊ त्या खोलीत वाकून बसलेला दिसला. कॉम्प्युटरच्या आत मदरबोर्डवर बटणाएवढा एक सेल असतो. वीज नसतानाही वेळ आणि ठरवलेल्या गोष्टी तो सेल लक्षात ठेवतो. तो जुना झाला होता. भावानं भिंतीतली वीज चालू ठेवूनच तो बदलला, म्हणजे मधल्या क्षणात तिनं लावलेलं काही पुसलं जाऊ नये. हजारो सेल बदललेला माणूस, पण नवा सेल बसवण्याआधी त्यानं तो तीनदा पुसला.

"तिला सांगून टाक ना, की हे घड्याळ आहे म्हणून," मी म्हटलं.

"सांगून काय मिळणार आहे, ताई?" तो म्हणाला. मी जुना सेल उचलून बाहेर आले.

यंदा कॉलेजं सुरू व्हायच्या वेळी एक मुलगी वडिलांना घेऊन दुकानात आली. वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. मुलगी इमारतींचे नकाशे काढायला शिकणार होती. वडिलांनी आधीच हात वर केले. "एवढ्यात बसेल ते द्या. अंथरूण पाहूनच पाय पसरणार."

भावानं ठरलेले प्रश्न विचारले. मुलगी म्हणाली, "अभ्यास सकाळी करायचा असतो. उठवत नाही, ही वेगळी गोष्ट."

भाऊ कागदावर लिहायला लागला. साठवणीला छोटी पण वेगवान डिस्क. रॅमची एकच पट्टी, दुसरीची खाच रिकामी ठेवायची, पुढच्या वर्षी घालता येईल. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरमध्येच असलेल्यावर भागवायचं. "दुधाची तहान ताकावर," मी म्हटलं. "ताक बरं असतं पोटाला," लिफ्टवाले म्हणाले. माणूस मला आवडला.

खोकं दाखवताना पोरीची नजर निळ्या दिव्याच्या पंख्यावर गेली. भाऊ म्हणाला, त्यापेक्षा पॉवर सप्लाय चांगला घेऊ.

"पण काका, पॉवर सप्लाय कोणाला दिसतोय?"

भावाचं पेन थांबलं. मी गल्ल्यात उगीच काहीतरी शोधायला लागले. ती पोर आमच्याकडे आळीपाळीनं बघत राहिली, आपण काय बोललो ते तिला कळेना.

अडचण आली ती मदरबोर्डाची. बाकी सगळे भाग त्याच्यावरच बसतात. तिचे नकाशे नीट चालतील असा नवा बोर्ड आणि प्रोसेसर बजेटच्या बाहेर. जुन्यात बरा मिळेना. भावानं ओळखीची सगळी दुकानं पालथी घातली. हाती होता तो एकच, लाल क्रेटमधला. एक खाच मेलेली, कधी एका दमात सुरू व्हायचा, कधी नाही. मी म्हटलं, देऊन टाक, गरजवंताला अक्कल नसते. त्यानं क्रेट पायानं टेबलाखाली सारला.

त्याच आठवड्यात एका दुपारी मी भावजयीला चष्म्याचा नंबर काढायला घेऊन गेले. परत आलो तर भाऊ घरीच होता. डोकं दुखतंय म्हणाला. दोनच दिवसांनी लिफ्टवाल्यांच्या मुलीचा कॉम्प्युटर तयार होऊन टेबलावर दिवसभर चालला आणि त्यांच्या घरी गेला. बोर्ड कुठून आणलास विचारलं तर म्हणाला, मिळाला. मी सोडून दिलं. मला कुठं त्यातलं कळतंय!

पण आमच्या घरात काहीतरी बिघडलं. भावजय पहाटे खोलीत जायची, पण चहा तसाच घेऊन बाहेर यायची. जेवण कमी झालं. माझ्याशी वाद घालायची बंद झाली, तेव्हा मात्र मी घाबरले. एका सकाळी ती पॅसेजमध्ये भिंतीला टेकून बसलेली दिसली. खोलीत पंखा चालू, निळा उजेड नेहमीसारखा फरशीवर.

"काय झालं गं?"

"ताई, आत ती नाहीये," ती हळूच म्हणाली. "उजेड आहे, आवाज आहे, पण ती नाहीये. कुठे गेली हो?"

ही बाई आता हातची जाणार असंच मला वाटलं.

दुकानात गेल्यावर मी भावाला कोपऱ्यात घेतलं आणि फैलावर घेतलं. मग तो भडाभडा बोलला. त्या दुपारी त्यानं भिंगरीच्या कॉम्प्युटरमधला बोर्ड प्रोसेसरसकट काढून लिफ्टवाल्यांच्या मुलीसाठी घेतला होता. त्या जागी लाल क्रेटमधला बोर्ड बसवला, पहाटे साडेपाचची वेळ लावली, घड्याळ मोबाइलशी बरोबर जुळवलं.

"ताई, त्या बोर्डाला आपल्या घरी काम काय? सकाळी उठायचं, दिवा लावायचा, बंद व्हायचं. तेवढं लाल क्रेटमधला पण करतो. आणि एवढा चांगला बोर्ड... ती पोर अभ्यास करेल त्याच्यावर. मी हिशेब बरोबर केला होता गं. सगळं जसंच्या तसं ठेवलं. मग हिला कळलं कसं?"

मला त्याची चीड आली आणि कीवही आली. आयुष्यभर या माणसानं कुठल्या कामाला कुठला भाग पुरेल एवढंच पाहिलं. मेलेल्या लेकीच्या बाबतीतही तेच पाहिलं.

"आणि त्या बोर्डावरची तिची वेळ? ती पुसलीस?"

"नाही." त्यानं मान खाली घातली. "तिनं लावलेलं माझ्या हातानं पुसवेना. म्हटलं, लोक रात्री भिंतीवरचं बटण बंदच करतात. वीज नसली तर कशाला सुरू होतोय."

मांजर डोळे मिटून दूध पितं, तशातली ही गत. लिफ्टवाल्यांच्या घरी भिंतीवरचं बटण बंद करत नव्हते. आठ-दहा दिवसांत ते खोकं खांद्यावर घेऊन हजर, मागे मुलगी. आणि नेमकी तेव्हाच भावजय डबा घेऊन दुकानात आलेली.

"मिस्त्री, हा आपोआप चालू होतो हो," लिफ्टवाले म्हणाले. "पहाटे. कोणी हात न लावता. पोरगी घाबरते."

"मी नाही घाबरत, बाबा घाबरतात," मुलगी म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "म्हणजे, भीती नाही वाटत. पण डोळे उघडले की वाटतं, माझ्या आधी कोणीतरी उठून बसलंय. मग मला झोपता येत नाही."

भावजयीनं डबा टेबलावर ठेवला. "किती वाजता?"

"पाच वीसला," लिफ्टवाले म्हणाले. "रोज. माझ्या मनगटावरच्या घड्याळात बघितलंय."

"साडेपाचला असेल," भाऊ पुटपुटला. "साडेपाच लावले होते."

"पाच वीसच," भावजय म्हणाली. तिचा आवाज एकदम स्वच्छ होता. "तिनं कॉम्प्युटरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवलं होतं, स्वतःला फसवायला. माझ्यासमोर लावलं होतं. 'आई, बाबांना सांगू नकोस, त्यांना चुकीचं घड्याळ बघवत नाही,' म्हणाली. इतकी वर्षं ती पाच वीसला उठते. आता साडेपाचला कोण उठतंय आमच्या घरात?"

भावानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "मला वाटलं, जुना बोर्ड आहे, घड्याळ सरकलं असेल," एवढंच तो म्हणाला.

"म्हणजे तुला ठाऊक होतं? ते घड्याळ आहे म्हणून?" मी भावजयीला विचारलं.

"मला काय वेडी समजलात, ताई? पहिल्या दिवशी वाटलं असेल काहीबाही, दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आले मी. पण ती वेळ तिच्या बोटांनी लावली होती. तिच्या हातचं तेवढंच एक काम घरात रोज होत होतं. यांनी लावलेली वेळ मला काय करायचीय?"

लिफ्टवाले अवघडून उभे होते. मी त्यांना चार वाक्यांत सगळं सांगितलं. त्यांनी लगेच खोक्याला हात घातला. "नको मग, बाई. हे तुमचं आहे, तुम्ही घेऊन जा. आम्ही दुसरं काहीतरी बघू."

मला वाटलं, ही आता खोक्याला मिठी मारणार. बोर्ड परत आला असता, पाच वीस परत आले असते, आमची पहाट पुन्हा होती तशी झाली असती. भावानंसुद्धा स्क्रूड्रायव्हर उचलला होता. भावजय त्या मुलीकडे बघत राहिली. पोरीच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"सुरू करा तो," ती भावाला म्हणाली.

भावानं वीज दिली आणि ते मुळाशी असलेलं पान उघडलं. काळ्या पडद्यावर आकडे. वर घड्याळ, आमच्या भिंतीवरच्यापेक्षा दहा मिनिटं पुढे पळणारं. खाली पहाटेचे साडेपाच. भावाचं बोट कळीवर गेलं आणि तिथंच राहिलं. त्याच्यानं ते होईना.

"सरका," भावजय म्हणाली. "कुठली कळ?"

त्यानं दाखवली. तिनं नवा चष्मा सारखा केला आणि ती स्वतः दाबली. साडेपाचचे आकडे गेले, तिथं 'बंद' आलं. तेवढ्यात भावाचा हात सवयीनं वरच्या घड्याळाकडे वळला, तर तिनं त्याचं मनगट धरलं.

"ते राहू द्या."

"अगं, चुकीचं आहे ते."

"चुकीचं नाहीये. कॉलेजला उशीर होऊ नये म्हणून आहे." मग मुलीला म्हणाली, "आता नाही उठवणार तुला कोणी. झोप हवी तेवढी. पण तुझं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे बरं का. चालेल ना?"

"चालेल, काकू," पोर म्हणाली आणि रडायला लागली. कोणाची कोण, पण भावजयच तिची समजूत काढत बसली.

ते लोक गेल्यावर भावानं स्क्रूड्रायव्हर खणात ठेवला. म्हणाला, "त्यांच्या घरी अजून इंटरनेट नाही. ज्या दिवशी येईल, त्या दिवशी ते घड्याळ आपलं आपण बरोबर होईल. आपल्या घरी भिंगरीनं ती सोयच बंद करून ठेवली असणार. तुला आधीच सांगून ठेवतो."

"होऊ दे," भावजय म्हणाली. "तोवर तरी आहे."

घरी आल्यावर तिनं खोलीतला प्लग स्वतः काढला, वायर गुंडाळून टेबलावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी मला पहाटे जाग आली. सवय, दुसरं काय. दाराच्या फटीखाली अंधार होता, कसलाच आवाज नव्हता, आणि खरं सांगते, इतक्या वर्षांत त्या उजेडाची वाटली नव्हती एवढी भीती मला त्या अंधाराची वाटली. पॅसेजमध्ये भावजय उभी होती, दोन्ही हातांत रिकामा कप धरून. घड्याळात पाच वीस झाले होते.

"ताई, उठली असेल का हो ती?"

कोण, ते मी विचारलं नाही.

"उठली असेल," मी म्हटलं, आणि तिच्या हातातला कप घेऊन चहा टाकायला गेले.